बसाभाऊंची कंबर

त्या रविवारी सकाळी चहासाठी खुर्चीवरून उठायचं नाही, एवढंच बसाभाऊंनी ठरवलं होतं. यात वाईट काय आहे, तुम्हीच सांगा. आठवडाभर माणूस दुकानात राबतो. रविवारी पाय पसरून पेपर वाचत बसतो. चहा स्वयंपाकघरात ओट्यावर झाकून ठेवलेला असतो, आणि हा बसलेला असतो त्या खुर्चीला चाकं असतात. अशा खुर्चीवरून उठून पायी चालत जाणं हा चाकांचा अपमान नाही का? (बसाभाऊंना असे विचार सकाळी सुचतात, दुपारपर्यंत पटतात आणि संध्याकाळी निस्तरावे लागतात.)

बसाभाऊ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या फर्निचरच्या दुकानात ते खुर्च्यांचा विभाग सांभाळायचे. गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत हे म्हणायचे, "बसा! आधी बसा तर खरं!" त्यावरून दुकानात हेच नाव पडलं आणि यथावकाश घरीही येऊन राहिलं. दुकानाच्या मालकांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या आधी विकणाऱ्यानं खुर्चीत बसायचं. "गिऱ्हाईक खुर्चीकडे बघत नाही, तुमच्या तोंडाकडे बघतं," असं मालक म्हणत. बसाभाऊंचं तोंड या कामासाठीच घडवलेलं होतं. ते खुर्चीत टेकले की डोळे अर्धे मिटायचे, खांदे सैल सोडायचे आणि असा काही सुस्कारा टाकायचे, की उभ्या माणसाला आपल्या उभं राहण्याची लाज वाटावी.

घरातली चाकांची खुर्चीही दुकानातलीच. एका हाताला चरा पडलेला म्हणून स्वस्तात मिळाली. बायको घरी शिवणकाम करायची, तिच्या मशीनपुढे ती ठेवली होती. पहिल्याच दिवशी बायकोनं नवऱ्याच्या डोळ्यांतली चमक ओळखून बजावलं होतं, "अहो, ही शिवणाची खुर्ची आहे. आगगाडी नाही."

त्या सकाळी बायको एका बाईंचे कपडे पोचवायला गेली होती. सासरेबुवा, म्हणजे बायकोचे वडील, फिरायला गेले होते. ते यांच्याकडेच राहायचे. बसाभाऊंनी पेपर बाजूला ठेवला, खुर्चीखालून दोन्ही पाय मागच्या भिंतीला लावले आणि सणसणीत रेटा दिला. खुर्ची सुटली ती झकास सुटली. कपाट मागे पडलं, मशीन मागे पडली, स्वयंपाकघराचं दार झपाट्यानं पुढे आलं. दारात फरशीची एक उंच पट्टी होती. खुर्ची त्या पट्टीला अडून जागच्या जागी थांबली. बसाभाऊ थांबले नाहीत. ते तसेच पुढे गेले आणि ओट्याखाली, पिठाच्या डब्याशेजारी, फरशीवर बसले. आयुष्यभर लोकांना बसा बसा म्हणणारा हा माणूस इतक्या जोरात कधी बसला नव्हता. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाठीचा कणा जिथे संपतो तिथलं ते एवढंसं माकडहाड, जे आपल्याला आहे याचीही बसाभाऊंना आजवर नीटशी कल्पना नव्हती, ते जिवाच्या आकांतानं बोंबलायला लागलं.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली.

सासरेबुवांनी उभी हयात शाळेत मुलांकडून कवायत करून घेतली होती. शाळा सुटली तरी आवाज सुटला नव्हता. दारात उभे राहून त्यांनी आधी खुर्चीकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"काय झालं, जावईबापू?"

आता खरं सांगायचं तर काय सांगायचं? अर्धं टक्कल पडलेला माणूस घरात एकटा सापडल्यावर गाडी-गाडी खेळत होता, असं? तेही या माणसाला, ज्यानं मुलगी देताना ‘मुलगा जरा पोरकट वाटतो' असं चारचौघांत म्हटलं होतं?

"पिठाचा डबा उचलत होतो," बसाभाऊ म्हणाले. "लचक भरली."

"कुठे?"

इथेच घोळ झाला. डबा उचलताना माकडहाड दुखावत नाही, एवढं बसाभाऊंनाही कळत होतं. शिवाय सासऱ्यापुढे बोट ठेवून दाखवावी अशी ती जागाही नव्हे.

"कमरेत," बसाभाऊ म्हणाले.

झालं! त्या दिवसापासून घरादारानं बसाभाऊंच्या कमरेवर उपचार सुरू केले. कमरेला काहीही झालेलं नव्हतं.

बायकोनं गरम पाण्याची पिशवी आणली आणि मायेनं कमरेला बांधली. पिशवी जरा खाली सरकली की बसाभाऊंना बरं वाटायचं. बायकोचं लक्ष गेलं की ती परत वर ओढायची. मालिशवाला आला. त्यानं कंबर अशी काही रगडली, की ती आता खरंच दुखायला लागते की काय अशी भीती वाटली. डॉक्टरांकडे गेले तर सासरेबुवा सोबत आत आले आणि तपासण्याच्या टेबलापाशी सावधान उभे राहिले. डॉक्टरांनी कंबर दाबली. "इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

"मग कुठे?"

बसाभाऊंनी सासऱ्यांकडे पाहिलं. "तिथेच... आसपास," ते म्हणाले.

डॉक्टरांनी कमरेचा रुंद पट्टा दिला. पट्टा आवळला की बसाभाऊंचा सगळा भार नेमका तिथे जाऊन पडायचा, जिथे तो पडू नये म्हणून देवाला साकडं घालायची वेळ आली होती. त्यावर सासरेबुवांनी मऊ बसणं बंद केलं. "कमरेला टणक बैठक हवी!" असं फर्मावून त्यांनी कपाटाची एक फळी काढली आणि जेवणाच्या टेबलापाशी बसाभाऊंच्या खुर्चीवर ठेवली. सकाळी व्यायाम वेगळाच. सतरंजीवर उताणं झोपायचं, गुडघे दुमडायचे आणि हात मानेमागे घेऊन उठायचं, पुन्हा झोपायचं, पुन्हा उठायचं. दरवेळी उठताना माकडहाड फरशीवर घासायचं आणि बसाभाऊंच्या तोंडून ‘आई गं' निघायचं.

"शाबास!" सासरेबुवा म्हणायचे. "दुखतंय म्हणजे लागू पडतंय!"

दिवस गेले, महिना गेला. दुखणं हटेना. बसताना दुखे, उठताना त्याहून दुखे. सकाळच्या वेळी जिथे एकांतात बसावं लागतं तिथलं तर विचारूच नका. बायको म्हणाली, "अहो, हल्ली तुम्ही एका बाजूवर कलून बसता. पँटची शिवणही एकाच बाजूची झिजलीय. कमरेचं दुखणं असं असतं का?"

इथे सुटायची संधी होती. बसाभाऊ म्हणाले, "माझी कंबर जरा वेगळी आहे."

एकदा सुरू केलेलं खोटं मधेच सोडलं तर इतके दिवस उगाच सोसलं असं होतं, हा त्यांचा हिशेब. म्हणून ते आणखी सोसत राहिले.

घरी एकवेळ चालून गेलं असतं. पण दुकानात? खुर्चीत टेकल्यावर बसाभाऊंचे डोळे आता अर्धे मिटायचे नाहीत, पूर्ण उघडायचे. सुस्काऱ्याच्या जागी ‘स्स्स' असा आवाज निघायचा. एक म्हातारं जोडपं आरामखुर्ची बघायला आलं होतं. बसाभाऊ त्यांच्यापुढे प्रात्यक्षिकाला बसले आणि आजीबाई घाईघाईनं म्हणाल्या, "नको हो, उठा. आम्ही जमिनीवरच बसतो." दोघं गेली. मालक काचेआडून बघत होते.

आणि नेमकं याच वेळी नाटकगृहाचं काम आलं.

गावातल्या जुन्या नाटकगृहाला सगळ्या नव्या खुर्च्या घालायच्या होत्या. मालकांनी बसाभाऊंना आत बोलावलं. "हे काम मिळालं तर मी दुसरं दुकान उघडतो आणि त्याचे मॅनेजर तुम्ही."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर माझा मेव्हणा येतोय. तुमच्या विभागातच बसवावं म्हणतो. तुम्हाला गोदामात पाठवू. तिथे बसायचं काम नसतं, तुमच्या कमरेला बरं."

मालकांचा मेव्हणा म्हणजे कसा, ते सांगत बसत नाही. एकदा त्यानं गिऱ्हाइकाला घडीची खुर्ची उघडून दाखवताना स्वतःचा सदरा आत अडकवून घेतला होता आणि शेवटी खुर्चीसकट गिऱ्हाइकाला निरोप द्यायला दारापर्यंत गेला होता. त्याला आपली जागा देऊन गोदामात जायचं, ही कल्पनाच बसाभाऊंना सोसवेना. बायकोला त्यांनी मॅनेजर होणार असं आधीच सांगूनही टाकलं होतं, आणि तिनं नव्या शर्टाचं कापड आणलंही होतं.

नाटकगृहाचा कारभार एका बाईंच्या हातात होता. बाईंचं सारं आयुष्य रंगमंचावर गेलेलं. आता वयामुळे त्या नाटकं बसवायच्या. त्यांचा आवाज सासरेबुवांनाही मागे सारणारा होता. त्यांनी तीन दुकानांच्या तीन खुर्च्या पहिल्या रांगेत ठेवायला सांगितल्या आणि तिन्ही दुकानांच्या माणसांना बोलावलं.

"जाहिराती मला वाचायच्या नाहीत," बाई म्हणाल्या. "आज आमच्या नाटकाची रंगीत तालीम आहे. तीन अंक. विकणाऱ्यानं आपापल्या खुर्चीत बसायचं. मध्यंतरातसुद्धा उठायचं नाही. जो उठला, त्याची खुर्ची गेली!"

बसाभाऊंना घाम फुटला. मागच्या रांगेत सासरेबुवा येऊन बसले होते, जावयाला धीर द्यायला. त्यांनी पुढे वाकून कानात सांगितलं, "जावईबापू, कंबर ताठ!"

पडदा वर गेला. बसाभाऊंच्या डाव्या हाताला गुबगुबीत खुर्चीवाला होता. पहिल्या अंकातलं पहिलं भांडण संपायच्या आत तो घोरायला लागला. उजव्या हाताला बटण दाबलं की मागे कलणारी खुर्ची होती. तिच्यात बसलेला माणूस थोडा वेळ वर-खाली होत राहिला, मग त्याचा फोन वाजला, मग तो "आलोच" म्हणून बाहेर गेला आणि परत आलाच नाही. राहिले बसाभाऊ.

ते मागे टेकले की जीव जायचा. पुढे वाकलं की जरा सुसह्य व्हायचं. म्हणून ते दोन्ही कोपर गुडघ्यांवर टेकवून, मान पुढे काढून, डोळे विस्फारून बसले. अधूनमधून एका बाजूवर भार द्यायचा, मग दुसऱ्या. दुसऱ्या अंकात त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रंगमंचावर तेव्हा दोन म्हातारे दाढी करण्याचा विनोदी प्रवेश करत होते, पण नटांनी ते पाणी पाहिलं आणि त्यांना हुरूप आला. असा प्रेक्षक त्यांना जन्मात मिळाला नव्हता. ते आता एकमेकांकडे बघायचं सोडून बसाभाऊंकडेच बघून बोलू लागले.

तिसरा अंक आला. माकडहाडाच्या जागी आता कुणीतरी निखारा ठेवला होता. बसाभाऊंनी मनात मेव्हण्याचा चेहरा आणला, गोदाम आणलं, नव्या शर्टाचं कापड आणलं, आणि दात आवळून बसून राहिले. रंगमंचावर घर सोडून गेलेला मुलगा परत आला होता. म्हातारी आई दिव्याच्या उजेडात त्याच्याकडे बघत होती. मुलगा काही बोलत नव्हता. सगळं नाटकगृह चिडीचूप. आई पुढे आली, अगदी रंगमंचाच्या कडेपर्यंत, बसाभाऊंच्या समोरच, आणि कळवळून म्हणाली,

"किती दिवस असा एकटाच सोसणार आहेस रे? आईशी तरी खोटं बोलू नकोस. सांग, कुठे दुखतंय तुझं?"

"माकडहाड!" बसाभाऊ ओरडले.

शब्द नाटकगृहाच्या पार मागच्या भिंतीवर आपटून परत आला. (आवाजाच्या दृष्टीनं ते नाटकगृह उत्तम बांधलेलं आहे.) आई बनलेल्या नटीनं पदर तोंडात कोंबला. परत आलेला मुलगा पाठ फिरवून खांदे हलवायला लागला. गुबगुबीत खुर्चीवाला दचकून जागा झाला, नाटक संपलं असं समजून त्यानं टाळ्या वाजवल्या आणि उठून घरी निघाला.

मागच्या रांगेत सासरेबुवा उभे राहिले.

"जावईबापू! कंबर म्हणाला होतात ना?"

"नाही हो बाबा," बसाभाऊ म्हणाले. आता त्यांना धीर निघेना. "माकडहाड आहे. पहिल्यापासून माकडहाडच आहे!"

"पिठाचा डबा उचलून माकडहाड?"

"डबा नव्हता. खुर्ची होती. चाकांची. चहा आणायला भिंतीला पाय लावून..." पुढचं त्यांनी हातानं दाखवलं. पट्टी दाखवली, खुर्ची कुठे थांबली ते दाखवलं, स्वतः कुठे गेले ते दाखवलं. हे सगळं बसूनच. नटमंडळी कडेला येऊन ऐकत उभी राहिली. नटांची तोंडं रंगवणारा ब्रश घेऊन आला, दिवेवाला वरून खाली उतरला. तिन्ही अंकांत मिळून कुणी हसलं नव्हतं इतकं सगळे हसून हसून वाकले.

सासरेबुवा मात्र हसले नाहीत. मग त्यांचा आवाज, कधी नव्हे तो, खाली आला. "म्हणजे रोज सकाळी सतरंजीवर मी तुमच्याकडून... आणि ती फळी..."

"असू द्या बाबा."

"असू द्या काय! सांगायचं होतं. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?" त्यांनी खिशातून रुमाल काढून नाक पुसलं आणि एकदम दरडावले, "विश्राम!"

बाई आतापर्यंत एका कोपऱ्यात बसून होत्या. त्या उठल्या आणि बसाभाऊंसमोर येऊन उभ्या राहिल्या. बसाभाऊंना वाटलं, गेलं काम. तालीम उधळली, हसं झालं, आता गोदाम.

"महिनाभर माकडहाड दुखतंय?" बाईंनी विचारलं.

"त्याहून जास्तच."

"आणि तीन अंक उठला नाहीत?"

"तुम्हीच म्हणालात, उठला त्याची खुर्ची गेली."

बाईंनी डावीकडची रिकामी खुर्ची पाहिली, उजवीकडची रिकामी खुर्ची पाहिली. "धडधाकट माणसांना या दोन खुर्च्यांत धड बसता आलं नाही. एक झोपला, एक पळाला. आणि या खुर्चीत मोडक्या माकडहाडाचा माणूस तीन अंक बसला, वर जागा राहिला. मला आणखी काय हवं? सगळ्या याच घाला." मग त्या जरा वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "मी दोनदा पडलेय रंगमंचावरून, तशीच, तिथेच. कमरेचा पट्टा आधी काढा. मागच्या बाजूनं खाच असलेली उशी मिळते. हाड त्या खाचेवर अधांतरी राहतं. आणि त्या डॉक्टरांना आता खरं सांगा."

डॉक्टरांना खरं सांगितलं. यावेळी सासरेबुवा बाहेरच थांबले. डॉक्टरांनी योग्य जागी तपासलं, फोटो काढला. हाड मोडलेलं नव्हतं, मुका मार होता आणि तो रोज नव्यानं दिला जात होता. "पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर एव्हाना बरे झाला असतात," डॉक्टर म्हणाले. फार वेळ एका जागी बसायचं नाही. बसलं तर खाचेच्या उशीवर, जरा पुढे झुकून. थोड्या थोड्या वेळानं उठायचं. शेक घ्यायचा, तोही जिथे दुखतं तिथे. पाणी भरपूर प्यायचं, भाजीपाला खायचा, म्हणजे सकाळी जोर लावावा लागणार नाही. सोबत स्नायू सैल करायचे सोपे व्यायाम. एवढ्यानं नाही भागलं तर इंजेक्शन असतं, आणि ऑपरेशनची वेळ फार क्वचित कुणावर येते. "आणि ते उताणं झोपून उठायचे व्यायाम कुणी सांगितले?" डॉक्टरांनी विचारलं.

"असंच, कुणीतरी," बसाभाऊ म्हणाले. (हे एक खोटं मात्र त्यांनी मनापासून सांगितलं.)

उशी बायकोनंच शिवली. आधी तिनं सगळी हकिगत वडिलांकडून ऐकली, मशीनवर डोकं टेकवून पोटभर हसली, मग टेप घेऊन आली आणि म्हणाली, "उभे राहा. खाच नेमकी कुठे पाहिजे ते दाखवा. आणि यावेळी खरं दाखवा." नव्या शर्टाच्या कापडातून उरलेल्या तुकड्याचा उशीला अभ्रा केला. चाकांच्या खुर्चीची चाकं सासरेबुवांनी स्वतः काढून माळ्यावर ठेवली. रोज संध्याकाळी गरम पाण्याची पिशवीही आता तेच भरून आणतात, टेबलावर ठेवतात आणि खिडकीबाहेर बघत उभे राहतात.

दुकानाचं म्हणाल तर मालकांनी शब्द पाळला. दुसरं दुकान उघडलं, बसाभाऊ मॅनेजर झाले. पहिल्या दिवशी नवा शर्ट घालून, काखेत उशी मारून ते रुबाबात आत शिरले. मालकांनी त्यांना काचेची खोली दाखवली, टेबल दाखवलं आणि पाठीवर थाप मारली. "आता गिऱ्हाइकांमागे धावायचं नाही, खुर्च्या उचलायच्या नाहीत. मॅनेजरनं दिवसभर इथे नुसतं बसायचं!"

बसाभाऊ त्यावर काही बोलणार, इतक्यात मालकांनी त्यांना बाहेर नेलं. दुकानाच्या दर्शनी भागावर, पहिल्या मजल्यापासून दुसऱ्यापर्यंत, मोठा फलक लागला होता. ‘मोडक्या माकडहाडालाही चालते, तर तुम्हाला का नाही?' खाली नाटकगृहातली ती खुर्ची आणि खुर्चीपाशी बसाभाऊ. तालमीच्या दिवशी कुणीतरी काढलेला फोटो होता तो. काम मिळाल्यावर बसाभाऊ एकदाचे उठले होते आणि दुखऱ्या जागेवर दोन्ही हात धरून दाराकडे चालले होते, त्या क्षणाचा. अर्थातच पाठीमागून.

रस्त्यावरची माणसं थांबून वर बघत होती. उद्घाटनाला आलेल्या सासरेबुवांनी चष्मा लावला, दोन पावलं मागे सरले आणि फलक वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळला.

"काही म्हणा, जावईबापू," ते म्हणाले, "कंबर छान आलीय."